नंबर नसलेला शिक्का



परवा बांधावर एक व्यापारी आला. बाग बघितली, दोन फळं फोडली, दाणा बघितला, दर बोलला. दर काय वाईट नव्हता. मग गाडीतनं पुठ्ठ्याचा एक बॉक्स काढून दाखवला. चार रंगात छापलेला, वर ठळक ‘सोलापूर डाळिंब’, शेजारी भौगोलिक मानांकनाचं चिन्ह, खाली इंग्रजीत काहीबाही. म्हणला, “मालक, माल ह्यातच भरायचा.”

मी बॉक्स उलटापालटा करून बघितला. चारी बाजू बघितल्या. म्हणलं, “शेठ, नंबर कुठाय?”

“कसला नंबर?”

“अधिकृत वापरकर्त्याचा. हे चिन्ह छापलंय ते कुणाच्या नोंदणीवर?”

तो हसला. “तुमचा आहे ना नंबर? तोच टाकू की. किलोमागं दोन रुपये जास्त देतो, आणि पुढच्या तीन-चार बागांचा मालबी तुमच्याच नंबरावर जाऊ द्या. तुमचं काय जातंय?”

माझं काय जातंय, ते सांगायला ही पोस्ट. थोडी लांब होणार, पाण्याची पाळी संपल्यावर वाचली तरी चालंल.

आधी माझी चूक सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी जुना फोटो काढून टाकणारच आहे. काही वर्षांमागं मीपण असलेच बॉक्स छापले होते. सहाशे. प्रेसवाल्यानं विचारलं, “आण्णा, कोपरा मोकळा दिसतोय, काय टाकू?” म्हणलं, सोलापूरच्या डाळिंबाला मानांकन मिळालंय, ते टाक. त्यानं मोबाईलवर शोधलं, चिन्ह उचललं, लावलं. मला तर अभिमानच वाटला. पहिली गाडी पुण्याला एका सोसायटीत थेट विक्रीला गेली. तिथं एका कॉलेजच्या पोरीनं बॉक्स हातात घेऊन विचारलं, “काका, याच्याखाली तुमचा नंबर कुठे आहे?” मी चिडलो. म्हणलं, “बाळ, रान माझं, झाड माझं, तालुका सोलापूर जिल्ह्यातला. अजून काय पाहिजे?” ती म्हणली, “मग चिन्ह कशाला छापलंत?”

उत्तर नव्हतं माझ्याकडं. परतीच्या वाटेवर टेंभुर्णीपर्यंत तेच डोक्यात.

आता मुद्द्याचं. आपल्या गटात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे: “माझ्या रानातलं डाळिंब, मला कुणाची परवानगी?” ऐकायला लई भारी वाटतं. पण अर्धवट आहे. ‘हे डाळिंब सोलापूर जिल्ह्यात पिकलंय’ असं खरं सांगायला कुणी अडवत नाही. गावाचं नाव लिहा, तालुका लिहा, बांधावरचा फोटो लावा. पण ‘सोलापूर डाळिंब’ हे नोंदलेलं नाव मालाचा शिक्का म्हणून वापरणं आणि शेजारी मानांकनाचं चिन्ह लावणं, ही वेगळी गोष्ट. तिथं तुम्ही पत्ता सांगत नाही, हमी देताय. आणि हमी द्यायला हमीदार लागतो.

कायदा १९९९ चा, अमलात आला १५ सप्टेंबर २००३ पासून. त्यात दोन नोंदी वेगवेगळ्या आहेत आणि सगळा घोळ इथंच होतो. पहिली नोंद नावाची. ती संघाच्या, संस्थेच्या नावावर होते, सगळ्या उत्पादकांच्या वतीनं. सोलापूर डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी, दोन्हींचं हे काम २०१६ मध्ये झालं. पेपरात बातमी आली, सत्कार झाले, फ्लेक्स लागले. आपण समजलो, झालं, आता जिल्ह्यातला प्रत्येक शेतकरी मानांकनवाला. तसं नाही. दुसरी नोंद तुमची स्वतःची, अधिकृत वापरकर्ता म्हणून. तिचा अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जातो, त्यांच्या जर्नलमध्ये छापून येतो, कुणाची हरकत नसली तर नोंद होते. फी २०२० मध्ये दहा रुपयांवर आणली. दहा! आडतीवर एका कॅरेटची हमाली-तोलाई किती लागते ते आठवा.

ही दुसरी नोंद झाल्याशिवाय त्या नावाचा मानांकन म्हणून वापर करायचा हक्क तुम्हाला येत नाही. सातबारा असून भागत नाही. पिढ्यान् पिढ्या पिकवत असलात तरी भागत नाही. हे कडू आहे, मलाबी कडू लागलं. पण विचार करा, नोंद नसती तर त्या व्यापाऱ्यात आणि माझ्यात बॉक्सवरून फरक कसा करणार? त्याच्याकडचा बॉक्स माझ्यापेक्षा देखणा होता.

बरं, जरा सोनाराच्या दुकानात चला. लेकीच्या लग्नाला दागिना घेताना आपण काय बघतो? आता हॉलमार्क म्हणजे नुसतं त्रिकोणी चिन्ह नाही. शुद्धतेचा आकडा असतो आणि सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो, प्रत्येक दागिन्याचा वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. मोबाईलवर क्रमांक टाकला की कुणी घडवला, कुठं तपासला, ते निघतं. पाईपवर आयएसआयचं चिन्ह असतं तिथं खाली परवान्याचा क्रमांक असतो. मसाल्याच्या पुडीवर अन्नसुरक्षावाल्यांचा चौदा आकडी क्रमांक. सगळीकडं गोष्ट एकच: चिन्ह बोलतं, पण साक्ष नंबर देतो. चिन्ह कुठल्याबी प्रेसवर छापून मिळतं. नंबराच्या मागं एक माणूस उभा असतो, ज्याला उद्या धरता येतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नंबर नसलेला शिक्का म्हणजे शिक्का नव्हे. चित्र आहे ते.

आणि कायद्यानं हे चित्र काढणं फुकट ठेवलेलं नाही. खोटं मानांकन मालाला लावलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. आपल्यातल्या किती जणांना हे माहितीय? मला बॉक्स छापताना माहिती नव्हतं. प्रेसवाल्याला तर त्याहून नाही.

आता त्या व्यापाऱ्याच्या “तुमचाच नंबर टाकू की” कडं येतो. कलम २४ वाचा. मानांकनाचा हक्क विकता येत नाही, दुसऱ्याला लिहून देता येत नाही, परवान्यानं वापरायला देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. ट्रॅक्टर भाड्यानं जातो, बोअरचं पाणी भाड्यानं जातं, हा नंबर जात नाही. फक्त एक वाट ठेवलीय: वापरकर्ता मेला तर वारसाला जातो. म्हणजे वारस नोंद चालते, खरेदीखत चालत नाही. मला हे कलम कायद्यातलं सगळ्यात शेतकऱ्याचं कलम वाटतं. ज्यानं लिहिलं त्याला पक्कं माहीत असणार, की गरजेला पडलेला माणूस पहिल्यांदा काय विकायला काढतो.

माझ्या नंबरावर चार बागांचा माल गेला आणि त्यातल्या एकात तेल्या निघाला, किंवा औषधाचा अंश जास्त निघाला, किंवा तो माल मुळात जिल्ह्यातलाच नसला, तर बॉक्सवर नाव कुणाचं? शेठ तर फोन नंबर बदलून मोकळा. किलोमागं दोन रुपयाला मी माझ्या पोराच्या वारशाचं नाव विकायचं होतं.

इथं आपल्याच लोकांचा दुसरा गोंधळ सांगतो, जात आणि मानांकन. भगवा ही जात आहे. भगवा गुजरातेत पिकतो, राजस्थानात पिकतो. उत्तम पिकतो, त्यांच्या शेतकऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो सोलापूर डाळिंब होत नाही. तसंच ज्वारीचं. मालदांडी ३५-१ ही आपल्या मोहोळात निवडलेली जात, ती नगरला पेरतात, बीडला पेरतात. पेरणाऱ्यानं ‘मालदांडी’ लिहावं, खुशाल लिहावं. ‘मंगळवेढा ज्वारी’ लिहायचं असंल तर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली पाहिजे आणि लिहिणारा नोंदलेला पाहिजे. माझं स्वतःचं सांगतो: डाळिंबाचा नंबर आहे, ज्वारीचा अजून काढलेला नाही, आळस. म्हणून यंदा ज्वारीच्या पोत्यावर नुसतं ‘मालदांडी’ लिहिलं, खाली गावाचं नाव. घरची म्हणली, “आपलीच ज्वारी अन् आपणच नाव लिहीना?” म्हणलं, पहिलं कागद, मग नाव.

ग्लोबलगॅपवाल्यांचं आणखी वेगळंच. आपल्या भागात द्राक्ष-डाळिंबाच्या निर्यातीसाठी कितीतरी जणांनी ते प्रमाणपत्र घेतलंय. खर्च करून, नोंदवह्या ठेवून, औषधाची खोली, मजुरांचं संडास-बाथरूम सगळं करून घेतलंय. मग साहजिकच वाटतं, फळावर स्टिकर लावावा. त्यांचा नियम उलटा आहे: त्यांचं नाव-चिन्ह फळावर लावायचं नाही, गिऱ्हाइकाच्या हातात जाणाऱ्या पॅकिंगवर लावायचं नाही, दुकानात फळाशेजारीबी नाही. तुमचा तेरा आकडी क्रमांक मात्र छापता येतो. म्हणजे तिथं चिन्ह बाजूला आणि नंबर पुढं! मला आधी हा आडमुठेपणा वाटला होता. पण ते प्रमाणपत्र शेती कशी केली याचं आहे, फळ गोड आहे का याचं नाही, आणि स्टिकर बघणारा नेमकं तेच समजतो. तेव्हा नियम बरोबरच म्हणायचा. ज्यांच्या स्टिकरवर ते हिरवं-पांढरं चिन्ह अजून आहे त्यांनी पुढच्या ऑडिटच्या आधी काढा. शिव्या मला नंतर द्या.

सेंद्रियवाल्यांना पण एक वाक्य. पीजीएसमध्ये रूपांतराच्या काळातलं ‘ग्रीन’ आणि पूर्ण झाल्यावरचं ‘ऑरगॅनिक’ अशी दोन वेगळी चिन्हं आहेत. पहिल्याच वर्षी दुसरं छापू नका. एवढंच, तो विषय पुन्हा कधीतरी.

आता समोरची बाजू. गटात एका तात्यांनी विचारलं, आणि प्रश्न खरा आहे: “नंबर छापून सांगोल्याच्या सौद्यात चार रुपये जास्त मिळत्यात का?” नाही, तात्या. खोटं सांगणार नाही. सौद्यात घेणारा फळ फोडतो, दाण्याचा रंग बघतो, साईज बघतो, डाग बघतो. चिन्हाकडं त्याचं लक्षबी नसतं. मानांकन मिळालं की दर दुप्पट, असं जे स्टेजवरनं सांगतात ते एकतर कधी सौद्यात उभे राहिलेले नाहीत, नाहीतर तुम्हाला खुळ्यात काढतायत.

मग उपयोग काय? उपयोग दोन ठिकाणी. एक, जिथं घेणारा लांब आहे आणि फळ फोडून बघू शकत नाही तिथं. तिथं नंबरच फळ फोडून दाखवतो. दुसरा उपयोग मोठा आहे आणि तो कुणी सांगत नाही. तक्रार करायचा हक्क.

कोल्हापुरी चपलेचं आठवा. २०२५ च्या जून महिन्यात इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. केवढा गदारोळ झाला! आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या चपलेला २०१९ पासून मानांकन आहे, आणि त्यात कोल्हापूर-सांगली-साताऱ्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाबी येतो, कर्नाटकातले चार जिल्हे पण येतात. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका टाकली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. कोर्टाचा प्रश्न सरळ होता: तुम्ही कोण? मानांकन ज्यांच्या नावावर आहे ते स्वतः येऊ शकतात की. म्हणजे ओरडायला सगळा महाराष्ट्र, पण दारात उभं राहायचा हक्क फक्त ज्याच्याकडं कागद आहे त्याला.

हेच आपल्या बाजारात लावून बघा. उद्या कुणी परराज्यातला माल ‘सोलापूर डाळिंब’ म्हणून विकला, तर बिगरनोंदणीचा शेतकरी काय करणार? स्टेटस ठेवणार. नोंद झालेला वापरकर्ता कायद्यानं दाद मागू शकतो. आपल्या चादरीचं उदाहरण घरातलंच आहे. सोलापुरी चादरीला मानांकन २००५ मध्ये मिळालं, आपल्या डाळिंबाच्या कितीतरी आधी. तरी पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून खपतो ही इथल्या यंत्रमागवाल्यांची जुनी तक्रार आहेच. नुसतं नाव नोंदवून राखण होत नाही. डाळिंबाची बाग लावली आणि कुंपणच घातलं नाही, मग रानडुकराला शिव्या देऊन काय उपयोग?

पण सगळा दोष शेतकऱ्यावर टाकून मी मोकळा होणार नाही. बाजारात हे तपासायला कोण येतो? कुणी नाही. वजनकाट्याला निरीक्षक असतो, खताच्या पोत्याला असतो, बियाण्याला असतो. मानांकनाच्या बॉक्सला नाही. पोलिसांनी जप्ती करायची म्हणली तर अधिकारी उपअधीक्षक दर्जाच्या खालचा चालत नाही, आणि त्यानं आधी निबंधकाचं मत घ्यायचं. चेन्नईहून मत येईपर्यंत डाळिंबाची गाडी विकून, खाऊन, सालं उकिरड्यावर गेलेली असतात. चादर गोदामात पडून राहते, फळ राहत नाही. नाशवंत मालाला हा मार्ग अजिबात पुरत नाही, हे सरकारनं मान्य करायला पाहिजे. बाजार समितीत आवक नोंदवताना मानांकनाचा बॉक्स दिसला की गेटवरच नंबर लिहून घ्या. एवढं केलं तरी निम्मे खोटे बॉक्स गेटच्या बाहेर कोरे होतील. त्याला नवीन कायदा लागत नाही, एक रकाना लागतो.

आणि ज्या संघांच्या, संस्थांच्या नावावर ही मानांकनं आहेत, त्यांनाही हात जोडून पण स्पष्ट सांगतो. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावायला नव्हतं. अधिकृत वापरकर्त्यांची यादी गावोगाव चावडीवर लागली पाहिजे. वर्षातनं एकदा तरी बागा फिरून बघितल्या पाहिजेत. चिन्ह कसं छापायचं, नंबर कुठं, किती मोठा, याचं एक पान मराठीत काढून प्रत्येक सभासदाला आणि प्रत्येक बॉक्सवाल्या प्रेसला द्या. माझ्या प्रेसवाल्याला ते पान मिळालं असतं तर माझे सहाशे बॉक्स वाचले असते.

मुदतीचं एक राहिलं. नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण. आणि ती दहा वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवसापासून नव्हे. २०१६ च्या प्रमाणपत्राचं गणित तुम्हीच करा. संघाला विचारा, नूतनीकरणाचं कुठपर्यंत आलंय. मूळ नाव लटकलं तर आपले नंबर पण त्याच्याबरोबर लटकतात.

त्या व्यापाऱ्याचं काय झालं ते बऱ्याच जणांनी फोनवर विचारलंय. मी म्हणलं, “शेठ, माल देतो, पण कोऱ्या बॉक्समध्ये न्या. नाहीतर माझ्या बॉक्समध्ये, माझ्या नंबरासकट, आणि त्यात फक्त माझ्या बागेचा माल.” तो म्हणला, “मालक, तुम्ही लई कायदा शिकलाय.” दर दोन रुपयांनी उतरवून तो कोऱ्या कॅरेटमध्ये माल घेऊन गेला. म्हणजे मला ह्यात नुकसानच झालं. ते लपवत नाही.

ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी सातबारा, आधार आणि बागेचा तपशील घेऊन रविवारी सकाळी मारुतीच्या देवळाजवळ या. पोरगं लॅपटॉप घेऊन बसंल. माझा ज्वारीचा अर्ज त्याच दिवशी पहिला भरायचाय. आधी कृपा करून घरातले छापील बॉक्स बघून या. नंबर नसंल तर चिन्हावर खाकी टेप मारा. टाकून देऊ नका, बॉक्सला पैसे लागलेत. आमच्याकडं जुन्या सहाशेतले दीडशे शिल्लक होते, काल संध्याकाळी दोघं मिळून टेप मारत बसलो. साठ राहिलेत.